माप घेऊन आलेला पाहुणा

अमेरिकेच्या मध्यभागातील शहरांविषयी इंग्रजीत गेली काही वर्षे एका ठरावीक साच्याचा प्रवासलेख लिहिला जात आहे. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स यांच्यावर लिहिण्याजोगे फारसे उरले नाही असे वाटल्यावर लेखक नकाशाच्या मधल्या पट्ट्याकडे वळतो. क्लीव्हलंड, मिलवॉकी, सेंट लुइस, सिनसिनाटी यांपैकी एखाद्या शहरात तीन दिवस मुक्काम करतो आणि परतल्यावर वाचकांना सांगतो, की हे शहर आपण समजत होतो त्याहून पुष्कळ चांगले आहे. आजवर त्याच्या पदरी योग्य माप पडले नव्हते. लेखाचा आशय एवढाच असतो. बाकीचा तपशील या निवाड्याच्या पुष्ट्यर्थ येतो.

हा लेखनप्रकार निरुपद्रवी, किंबहुना सद्‌भावनेचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. उपेक्षिताची बाजू घेणाऱ्याला नावे कशाला ठेवावी? आमचे म्हणणे असे, की त्याचा दोष नेमका या सद्‌भावनेतच आहे. आणि ज्या व्यक्तीने सिनसिनाटीला मनःपूर्वक नावे ठेवली, तिच्या हातून त्या शहराला अधिक न्याय मिळाला. हे विधान विचित्र वाटण्याचा संभव असल्यामुळे ते सिनसिनाटीच्याच आधाराने तपासून पाहू. हे शहर निवडण्याचे कारण असे, की गेली दोनशे वर्षे प्रवासी लेखक त्याचे मोजमाप करीत आले आहेत आणि त्यांची मापे ताडून पाहण्याची सोय आहे.

सिनसिनाटी ओहायो नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. समोरच्या तीरावर केंटकी राज्य. १७८८ मध्ये वस्ती झाली, वाफेच्या बोटी आल्या, आणि १८५० च्या जनगणनेत हे गाव अमेरिकेतील सहाव्या क्रमांकाचे शहर ठरले. आसपासच्या शेतांतील डुकरे येथे आणून कापीत आणि खारवलेले मांस नदीवाटे दक्षिणेकडे पाठवीत; त्यामुळे ‘पोर्कोपोलिस’ असे हेटाळणीचे नाव त्याला पडले. त्या चरबीचे करायचे काय, या प्रश्नातून मेणबत्त्यांचे आणि साबणाचे कारखाने निघाले. १८३७ मध्ये प्रॉक्टर आणि गॅम्बल या दोन साडूंनी घातलेला कारखाना पुढे कोठवर गेला, हे आपल्या न्हाणीघरातील फळीवरूनही कळते. पुढे रेल्वेचे युग आले, नदीचे महत्त्व ओसरले आणि शिकागोने सिनसिनाटीला मागे टाकले. १९५० मध्ये लोकसंख्या ५ लाख ३ हजार ९९८ होती; २०१० मध्ये ती ३ लाखांच्याही खाली आली आणि २०२० मध्ये थोडी वाढून ३ लाख ९ हजारांवर गेली. असे शहर ‘शोधण्यास’ अगदी योग्य.

आता साच्यातला लेख पाहा. त्याचा आरंभ बहुधा मार्क ट्वेनच्या नावावर खपणाऱ्या एका विनोदाने होतो: जगबुडी आली तर मी सिनसिनाटीला जाईन, कारण तेथे सगळे काही वीस वर्षे उशिरा घडते, या अर्थाचा. हे वाक्य ट्वेनच्या लेखनात कोठेही सापडत नाही. ट्वेन १८५६-५७ च्या हिवाळ्यात सिनसिनाटीतील एका छापखान्यात खिळे जुळवीत होता आणि तेथूनच बोटीत बसून तो न्यू ऑर्लिन्सकडे निघाला. त्या प्रवासातून तो मिसिसिपीवरचा नावाडी झाला आणि नावाड्यातून पुढे लेखक. ही हकिकत खरी आहे आणि त्या विनोदाहून कितीतरी अर्थपूर्ण आहे. परंतु साच्यात ती बसत नाही. कारण साच्याला आरंभी शहराची हेटाळणी हवी असते. ती असल्याशिवाय पुढचे औदार्य उठून दिसत नाही.

मग नदीवरचा झुलता पूल येतो. जॉन रोब्लिंगने बांधलेल्या या पुलाचा मधला गाळा १,०५७ फुटांचा. १८६६ मध्ये तो खुला झाला तेव्हा जगात एवढा लांब गाळा दुसरा नव्हता. लेखक सांगतो, ब्रुकलिनच्या पुलाची ही आधीची आवृत्ती! म्हणजे येथेही माप न्यूयॉर्कचेच. त्यानंतर दालचिनी घातलेला मांसाचा रस्सा शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतून वर चीजचा ढीग रचलेला तो स्थानिक पदार्थ येतो. तो १९२२ मध्ये मॅसिडोनियातून आलेल्या दोन भावांनी एका नाटकगृहाशेजारच्या खाणावळीत सुरू केला. त्यात बाल्कन मुलखाची चव अमेरिकी नावाखाली लपलेली आहे. लेखकाला तो गमतीदार वाटतो, दोन वाक्ये खर्ची पडतात. पुढे फिंडले मार्केट, जुन्या मद्यभट्ट्यांची तळघरे, भिंतींवरची चित्रे, एखादे नवे उपाहारगृह. आणि शेवटी आश्चर्य: हे सारे येथे, सिनसिनाटीत!

या लेखांतील बहुतेक विधाने खरी असतात. आमची हरकत त्यांतील एका शब्दयोगी अव्ययाला आहे. मराठीत सांगायचे तर ते अव्यय ‘सुद्धा’. ‘येथेसुद्धा चांगली कॉफी मिळते’, ‘येथेसुद्धा चित्रांचे संग्रहालय आहे’. हा अख्खा प्रकार या ‘सुद्धा’वर उभा आहे. शहराची स्तुती करताना लेखक शहराची पायरी निश्चित करून ठेवतो. माप त्याने बरोबर आणलेले असते. शहर त्यात भरले, की तो खूष होतो. शहराचे स्वतःचे काही माप असेल, ही शंका त्याला शिवत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना या ‘सुद्धा’ची चांगली ओळख आहे. पुण्या-मुंबईहून व्याख्यानासाठी आलेले पाहुणे परत जाऊन जे लिहितात, त्यात त्याची धाकटी बहीण भेटते. तिचे नाव ‘अजूनही’. इंदुरात अजूनही मराठी बोलतात, बडोद्यात अजूनही मराठी वाङ्मयाचे कार्यक्रम होतात, बेळगावात अजूनही वाचनालये भरलेली असतात. सोबत सराफ्यातली खाऊगल्ली किंवा कुंदा. पाहुण्याचा हेतू चांगलाच असतो, आणि आपणही ते कात्रण जपून ठेवतो. असो.

सिनसिनाटीला मनःपूर्वक नावे ठेवणारी व्यक्ती म्हणजे फ्रान्सिस ट्रॉलप ही इंग्रज बाई. १८२८ च्या फेब्रुवारीत ती सिनसिनाटीत आली आणि १८३० च्या मार्चपर्यंत राहिली. प्रवासवर्णन लिहावे म्हणून ती आलेली नव्हती. इंग्लंडमध्ये संसार कर्जात बुडाला होता. गुलामांना शिक्षण देऊन मुक्त करण्यासाठी टेनेसीच्या रानात एका ध्येयवादी मैत्रिणीने वसाहत काढली होती. मुलांना घेऊन ही बाई प्रथम तेथे गेली आणि तेथील चिखल व हिवताप पाहून काही दिवसांतच बाहेर पडली. सिनसिनाटीत तिने अनेक खटपटी केल्या. गावातील एका संग्रहालयात डान्टेच्या नरकाचा मेणाच्या पुतळ्यांचा देखावा उभारण्याची कल्पना तिने काढली. तो उभारण्याच्या कामी हायरम पॉवर्स हा पुढे नामांकित झालेला शिल्पकार होता. देखाव्याला तुडुंब गर्दी झाली. कठड्याला हात लावणाऱ्याला विजेचा सौम्य धक्का बसेल, अशी योजना होती म्हणे. हुरूप येऊन तिने एक मोठा बाजार बांधला: ग्रीक, मूर आणि इजिप्शियन अशा तिन्ही शैलींची एकाच इमारतीत खिचडी. तो बुडाला. गावकऱ्यांनी त्याला ट्रॉलपबाईचा वेडेपणा म्हटले, आणि बाई हात हलवीत परतल्या.

१८३२ मध्ये अमेरिकनांच्या घरगुती चालीरीतींविषयीचे तिचे पुस्तक निघाले. इंग्लंडमध्ये ते भराभर खपले, अमेरिकेत संताप उसळला. पुस्तक एकांगी आहे, तुसडे आहे, वर्गाच्या अहंकाराने भरलेले आहे; हे सारे दोष मान्य. जेवणाच्या मेजावरची मुकाट घाई, जागोजागी थुंकणे, बायकांनी एका बाजूला आणि पुरुषांनी दुसऱ्या बाजूला बसायचे अशा मेजवान्या, यांवर तिने आसूड ओढला आहे. पण रस्त्यातील डुकरांविषयी ती काय लिहिते ते पाहावे. भाड्याच्या घरात उतरल्यावर कचरा कोठे टाकावा असे तिने घरमालकाला विचारले. रस्त्याच्या अगदी मधोमध टाकावा, बाजूला टाकण्यास कायद्याची बंदी आहे, असे उत्तर मिळाले. डुकरे येऊन तो खाऊन टाकतात. बाईला किळस आली, पण ही डुकरे नसती तर गाव घाणीत बुडाले असते, हेही तिने नमूद करून ठेवले. एका नव्या, घाईत वाढणाऱ्या, नगरपालिकेचे हात अपुरे असलेल्या शहराची व्यवस्था या एका प्रसंगात जशी दिसते, तशी पन्नास स्तुतिलेखांत दिसत नाही. याचे कारण उघड आहे. कचरा कोठे टाकायचा हा प्रश्न तीन दिवसांच्या पाहुण्याला पडत नाही. तो हॉटेलवाल्याला पडतो.

ट्रॉलपबाईंनंतर १८३५ मध्ये हॅरिएट मार्टिनो आली आणि १८४२ च्या एप्रिलमध्ये चार्ल्स डिकन्स. दोघांनाही शहर आवडले. डिकन्सने मद्यपाननिषेधाची मिरवणूक पाहिली, शाळा पाहिल्या, स्वच्छ घरांची वाखाणणी केली आणि बोटीने पुढे निघून गेला. त्याची ती पाने सुखद आहेत. सिनसिनाटीच्या इतिहासकारांना मात्र आजही ट्रॉलपबाईंच्या पुस्तकाकडे जावे लागते.

येथे आम्हांला आपल्या गोडसे भटजींची आठवण होणे अपरिहार्य आहे. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंड उसळले, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेले लुटले गेले. कित्येक वर्षांनी लिहिलेला तो वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध केला. ट्रॉलपबाई आणि गोडसे भटजी यांच्यात स्वभावाचे साम्य शून्य. पण दोघेही पोटासाठी गेले, दोघांचेही गाठोडे वाटेत गेले, आणि दोघांनाही पाहावे लागले. कोठे पीठ मिळते, कोण उधार देतो, रात्री दार कोण उघडतो, हे ज्याला कळावेच लागते त्याच्या पुस्तकात शहर सापडते. त्याने शहराची स्तुती केली की निंदा, हा मुद्दा त्यापुढे गौण ठरतो.

तीन दिवसांच्या लेखात काय हुकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ओव्हर द ऱ्हाइन’ हा सिनसिनाटीचा मोहल्ला. प्रत्येक लेखात तो असतोच. विटांच्या, इटालियन धाटणीच्या, उंच अरुंद खिडक्यांच्या इमारतींच्या ओळी. तळमजल्यावर नवी उपाहारगृहे. नावाचा खुलासाही लेखक करतो: एकोणिसाव्या शतकात जर्मन लोक येथे राहत, गावातून येताना मियामी-ईरी कालवा ओलांडावा लागे, त्याला विनोदाने ऱ्हाइन म्हणत. (पुढे तो कालवा कोरडा करून १९२० पासून त्यात भुयारी रेल्वे बांधायला घेतली, पैसे संपले, वर रस्ता झाला आणि रेल्वे कधीच धावली नाही. हा किस्सा मात्र कोणीही सोडत नाही.) एवढे सांगून लेखक पुढच्या उपाहारगृहाकडे वळतो. पण ते जर्मन गेले कोठे?

हा प्रश्न आपल्या वाचकांना सुचल्याशिवाय राहणार नाही. सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत १८४० पासून जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिक्षण मिळत होते. जर्मन वृत्तपत्रे होती, नाटकगृहे होती, गायनसंघ होते. १८७८ मध्ये बांधलेले म्युझिक हॉल हे त्या गायनमहोत्सवांच्या परंपरेचेच फळ. दोन पिढ्या, तीन पिढ्या हे लोक अमेरिकन होते आणि घरात जर्मन बोलत होते, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, आणि वर्षभरात सारे पालटले. सार्वजनिक ग्रंथालयातील जर्मन पुस्तके फडताळांवरून काढली गेली. ब्रेमेन स्ट्रीटचे रिपब्लिक स्ट्रीट झाले. जर्मन स्ट्रीट नावाच्या रस्त्याला इंग्लिश स्ट्रीट हे नाव देण्यात आले. यात सूड होता की विनोदबुद्धीचा अभाव, हे सांगणे कठीण. जर्मन नॅशनल बँक लिंकनच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एका विमा कंपनीच्या इमारतीवर जर्मानिया देवीचा पुतळा होता. तिचे नाव बदलून कोलंबिया ठेवले. पुतळा तोच. १९१९ मध्ये ओहायो राज्याने कायदा करून आठवीपर्यंत शाळेत जर्मन शिकविण्यास बंदी केली. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द ठरविले, पण तोवर वर्ग बंद झाले होते, शिक्षक पांगले होते, आणि मुख्य म्हणजे आईबापांनी मुलांशी जर्मन बोलणे सोडले होते. ते न्यायालयाच्या हुकमाने परत सुरू होण्यासारखे नव्हते. मद्यबंदीने मद्यभट्ट्याही संपविल्या.

पुढे १९९० च्या दशकात काही रस्त्यांच्या पाट्यांखाली जुनी जर्मन नावे सांगणारे छोटे फलक लावण्यात आले. ते वाचता येतात. पण वाचून थांबावे असे पर्यटकाला वाटत नाही. आम्हांला वाटते, कारण शाळेतील भाषा, फलकावरील भाषा आणि घरातील भाषा या तिघींची गाठ कशी सुटते, हे पाहण्याची सवय आपल्याला बेळगावात आहे, हैदराबादेत आहे, इंदुरातही आहे. आपल्याकडे जे शंभर वर्षांत सावकाश घडते, ते तेथे दोन वर्षांत घडले.

जर्मन वस्ती उपनगरांत पांगली. मोहल्ल्यात प्रथम ॲपलेशियाच्या डोंगरांतील गोरे मजूर आले, मग कृष्णवर्णीय कुटुंबे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी येथील बहुसंख्य रहिवासी गरीब आणि कृष्णवर्णीय होते. ७ एप्रिल २००१ च्या पहाटे या मोहल्ल्यातील एका गल्लीत पोलिसाच्या गोळीने १९ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. दंगल उसळली, संचारबंदी लागली. पोलिसांच्या वर्तनाविषयी २००२ मध्ये नागरिकांशी करार करणे शहराला भाग पडले. त्यानंतर २००३ मध्ये बड्या कंपन्यांच्या पुढाकाराने एक विकाससंस्था स्थापन झाली आणि तिने मोहल्ल्यातील इमारती एकामागून एक विकत घेऊन दुरुस्त केल्या. इमारती वाचल्या, हे खरे आहे. दुरुस्त झाल्या नसत्या तर कित्येक कोसळल्या असत्या, हेही खरे. पण भाडी चढली आणि अनेकांना जावे लागले. प्रवासलेखात हा सारा काळ एका वाक्यात आटोपतो: पूर्वी येथे येण्यास लोक भीत, आता हा शहराचा सर्वांत देखणा भाग आहे. कोणते लोक भीत? जे येथे राहत होते, ते ‘लोक’ या शब्दात धरलेले नसतात. उपेक्षित शहराचा शोध लावताना लेखकाने त्या शहरातील उपेक्षितांची पुन्हा उपेक्षा केलेली असते, आणि हे त्याच्या ध्यानीही येत नाही. शोध लावायचा म्हटले की जागा आधी रिकामी दाखवावी लागते.

नदीची हकिकत याहून गंभीर आहे. १८६५ पर्यंत केंटकीच्या तीरावर गुलामगिरी कायदेशीर होती आणि ओहायोच्या तीरावर नव्हती. नदी गोठली, की माणसे चालत पलीकडे येत. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री आपल्या कुटुंबासह बर्फावरून सिनसिनाटीत आली. पकडणाऱ्यांनी घराला वेढा घातला, तेव्हा मुलांना परत गुलामीत जाऊ देण्यापेक्षा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. तिला परत पाठविण्यात आले. रोब्लिंगच्या पुलाचे काम त्याच वर्षी सुरू झाले. प्रवासलेखातील पुलाच्या परिच्छेदात गाळ्याची लांबी असते, तारांची संख्या असते, संध्याकाळच्या दिव्यांचे वर्णन असते. पुलाखालून काय वाहते, ते नसते. त्यासाठी टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) ही कादंबरी उघडावी लागते. गार्नरच्या घटनेवरून सुचलेली ही कथा सिनसिनाटीतच घडते. आणि त्याआधीची हॅरिएट बीचर स्टो? तिची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा ती मेन राज्यात राहत होती. पण १८३२ पासून १८५० पर्यंतची अठरा वर्षे ती सिनसिनाटीत होती. तेथे तिने संसार केला, पळून आलेल्यांच्या हकिकती ऐकल्या, १८४९ च्या पटकीच्या साथीत तान्हे मूल गमावले. अठरा वर्षे आणि तीन दिवस यांची तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल. म्हणावे. आम्ही अठरा वर्षे मागत नाही. जे तीन दिवसांत कळत नाही, ते कळल्याचा आव आणू नये, एवढीच अपेक्षा.

मराठीत याविषयी आपल्याजवळ एक थोर उदाहरण आहे आणि ते आपण विसरलो आहोत. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहून त्यांनी बालविधवांच्या शाळेसाठी गावोगाव व्याख्याने देत साहाय्य उभे केले. १८८९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले: ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. नावातील क्रम लक्षात घ्यावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापारधंदा, स्त्रियांची परिस्थिती या साऱ्यांना त्यात प्रकरणे आहेत. अमेरिकेविषयी आदर आहे आणि तेथील वर्णद्वेषाबद्दल परखडपणाही आहे. आमच्या मते या नावात मराठी प्रवासलेखनाची एक वेगळी वाट सुचविलेली होती. तिच्यावर फार थोडे चालले. ‘अपूर्वाई’ (१९६०) नंतर तर गोंधळलेला, खवय्या, हजरजबाबी प्रवासी हाच मराठी प्रवासवर्णनाचा नायक झाला. पु. लं.च्या हाती ते शोभले. त्यांना माणसे दिसत होती. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती फक्त गोंधळ आणि खाणे उरले.

आता आपल्या अंकांतील अमेरिकावृत्तांतांविषयी. मुलामुलींच्या नोकरीनिमित्त आपल्या अनेक घरांतील वडीलधारी मंडळी अमेरिकेत जाऊन येतात. मुले बहुधा न्यूयॉर्कच्या मध्यभागी नसतात. ती ओहायोत, इंडियानात, मिशिगनमध्ये असतात. म्हणजे ज्या शहरांत व्यावसायिक प्रवासलेखक तीन दिवस राहतो, त्याच शहरांत आपली मंडळी चार-चार, सहा-सहा महिने राहतात. नातवाला बागेत नेतात, वाचनालयात बसतात, बसची वाट पाहतात, शेजारच्या एकट्या वृद्ध बाईशी मोडक्या इंग्रजीत बोलतात, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते हे त्यांना ठाऊक असते. ट्रॉलपबाईंना लाभले तेच हे भांडवल. आणि परतल्यावर ते लिहितात काय? विमानतळावरची चाकांची खुर्ची, नायगारा, वॉशिंग्टनचे स्मारक, रस्त्यांची स्वच्छता, देवळातील गणेशोत्सव. सहा महिने ज्या गावी काढले त्याचे नाव, ‘मुलाचे घर अमुक ठिकाणी आहे’ या वाक्यापलीकडे, लेखात येत नाही. ते गाव प्रेक्षणीय नाही, असे त्यांनीही गृहीत धरलेले असते. हे माप त्यांना कोणी दिले?

सिनसिनाटीला गेलेल्या आजी-आजोबांनी नातवंडांना युनियन टर्मिनलमध्ये नेले असेलच, कारण मुलांचे संग्रहालय तेथे आहे. १९३३ मध्ये खुले झालेले हे रेल्वेस्थानक म्हणजे एक प्रचंड अर्धा घुमट. आत विनोल्ड राइस या जर्मन चित्रकाराने रंगीत काचतुकड्यांत घडविलेली भव्य भित्तिचित्रे आहेत. शहरातील कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांची चित्रेही त्याने खऱ्या कामगारांवरून केली होती. त्यांचे फलाटांकडचे दालन १९७४ मध्ये पाडले गेले, त्यापूर्वी ती चौदा चित्रे विमानतळावर हलविण्यात आली. रेल्वे आता आठवड्यातून तीनदा येते, तीही रात्री. घुमटाच्या कमानीच्या एका टोकाला भिंतीशी पुटपुटले, की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याला ऐकू येते. मुलांना याची फार मौज वाटते. आम्हांलाही वाटली.

बाहेर पायऱ्यांवर येऊन शहराकडे तोंड केले, की मधल्या सखल भागात गुदामे, मालमोटारींचे अड्डे आणि पलीकडे महामार्ग दिसतो. पाहण्यासारखे काही नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत येथे केनियन-बार नावाने नोंदलेली वस्ती होती. सुमारे पंचवीस हजार माणसे, बहुतेक सारी कृष्णवर्णीय, आणि त्यांची घरे, चर्चे, दुकाने, केशकर्तनालये. महामार्गासाठी आणि उद्योगांना जागा हवी म्हणून ती सारी पाडली. पाडण्यापूर्वी शहराने, भरपाईच्या हिशेबासाठी, घराघराची छायाचित्रे काढून घेतली. कृष्णधवल, नीटस, कोणाचीही स्तुती न करणारी. कोठे दारात उभी असलेली बाई, कोठे पायरीवर बसलेले मूल चौकटीत आले आहे. ती छायाचित्रे युनियन टर्मिनलच्याच संग्रहात जतन केलेली आहेत, आणि मागितली तर पाहावयास मिळतात.